हिशेबाचा धनी, स्वरांचा ऋणी

हिशेबतपासनीस हा प्राणी समाजात फारसा लोकप्रिय नसतो. तो कचेरीत आला की कारकुनांच्या माना खाली जातात, दप्तरे झटकली जातात, आणि तो गेला की सर्वांस हायसे वाटते. रात्रंदिवस आकड्यांत वावरणाऱ्या माणसाचे मनही आकड्यांसारखे कोरडे असावयाचे, असा आपणां सर्वांचा समज असतो. हा समज किती पोकळ आहे हे दाखविणारे एक चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

चंद्रशेखर सुब्रह्मण्य अय्यर हे नाव महाराष्ट्रात फारसे परिचित नाही. मात्र त्यांचे धाकटे बंधू सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि चिरंजीव सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ही नावे कोणत्याही सुशिक्षित घरात ठाऊक आहेत. पहिल्यांस 1930 साली आणि दुसऱ्यांस 1983 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन सूर्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष जाणार? पण आमच्या मते हा मधला माणूसच आपल्या कुटुंबवत्सल वाचकांस अधिक जवळचा वाटेल.

सुब्रह्मण्य अय्यरांचा जन्म 1885 सालचा. वडील चंद्रशेखर अय्यर हे विशाखापट्टणच्या महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत आणि घरी व्हायोलिन वाजवीत. गणित आणि संगीत अशा दोन देवता एकाच देव्हाऱ्यात नांदत होत्या. थोरल्या मुलाने सरकारी हिशेबखात्याची वाट धरली. प्रकृतीच्या कारणाने विलायतेस जाणे न जमल्याने रामन यांनीही 1907 साली तीच परीक्षा दिली आणि ते कलकत्त्यास अधिकारी म्हणून रुजू झाले. 1910 साली वडील वारले. त्याच वर्षी सुब्रह्मण्य अय्यर लाहोरास उत्तर-पश्चिम रेल्वेचे उपमहालेखापरीक्षक असता त्यांस पहिला मुलगा झाला. पुढे चार मुलगे आणि सहा मुली असा त्यांचा संसार वाढला. बदल्यांची नोकरी आणि दहा मुलांचे घर यांचा मेळ घालणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही.

हिशेबतपासणीचे काम बाहेरून दिसते तितके यांत्रिक नाही. खर्चास योग्य अधिकाऱ्याची मंजुरी आहे की नाही, रक्कम ठरल्या खात्यावरच पडली की नाही, पावती व नोंद यांची रुजुवात होते की नाही, हे पाहावयाचे आणि जेथे विसंगती असेल तेथे समोरचा कितीही मोठा असो, आक्षेप नोंदवावयाचा. हे काम करणाऱ्यास कोणाचे मिंधे राहून चालत नाही. म्हणूनच स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने 148 व्या कलमात महालेखापरीक्षकास स्वतंत्र स्थान दिले आहे.

हीच वृत्ती घेऊन सुब्रह्मण्य अय्यर संगीताकडे वळले. ते स्वतः कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन वाजवीत, पण केवळ वाजवून त्यांचे समाधान होईना. 1939 साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या सुमारास, दक्षिणी संगीताचे व्याकरण सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ मद्रासेस प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतर त्यागराजांच्या 108 कृतीही त्यांनी स्वरलिपीसह छापविल्या. त्यागराजांच्या रचना शिष्यपरंपरेने पसरलेल्या. प्रत्येक घराण्याचा पाठ थोडा निराळा. अशा ठिकाणी पाठ पाहून लिहून ठेवावयाचे हे काम रुजुवातीचेच नव्हे काय?

दक्षिणी संगीतात हिशेबी मनास भुलविणारे एक स्थळ आहेच. सतराव्या शतकात तंजावरास व्यंकटमखीने ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ लिहून 72 मेलांची मांडणी केली. षड्ज व पंचम अचल. ऋषभ-गांधारांच्या सहा जोड्या, धैवत-निषादांच्या सहा जोड्या आणि दोन मध्यम. सहा गुणिले सहा गुणिले दोन, बरोबर बहात्तर. बेरीज चोख जमते. परंतु राग त्या चौकटीत मावत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जो कंप द्यावयाचा, ज्यास गमक म्हणतात, तो कोणत्याही खतावणीत पुरता उतरत नाही. चोख हिशेब ठेवूनही काही शिल्लक उरतेच, हे ज्याला कळले तोच खरा रसिक.

या कथेस आमच्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. अय्यरांचे घराणे कावेरीकाठचे. त्याच तंजावरावर 1676 पासून 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. तुळजाजी राजाने ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचला, सरफोजी राजांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्येही वाजत, आणि त्यागराज तेथून जवळच तिरुवैयारास राहिले. इकडेही कलेक्टरीच्या खात्यातून निवृत्त झालेले सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि वकिली सोडून भातखंड्यांनी संगीताचे शास्त्र बांधले. पेशाने गवई नसलेल्या या मंडळींचे ऋण दोन्ही पद्धतींवर आहे. बंधू रामन यांनीही नोकरीत असतानाच एकतारीवर व व्हायोलिनच्या तारांवर लेख लिहिले, आणि 1920 साली मृदंग-तबल्यावरील शाईमुळे त्यांस सुरेल उपस्वर कसे लाभतात हे दाखविले.

तथापि या गृहस्थांच्या संसारात एक हिशेब मात्र सहज जुळला नाही. थोरल्या मुलाने सिव्हिल सर्व्हिसमध्ये जावे ही त्यांची इच्छा. मुलाचा ओढा शास्त्राकडे. आई सीताबाई, ज्यांनी इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’चे तमिळ भाषांतर केले होते, त्या मुलाच्या बाजूने उभ्या राहिल्या. 1930 साली मुलगा केंब्रिजास गेला. आई तेव्हाच आजारी होत्या. 1931 साली त्या निवर्तल्या, मुलगा परदेशीच होता. पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला. 1936 नंतर तो पंधरा वर्षांनी, 1951 साली, मायदेशी आला आणि 1953 साली त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. पित्याच्या मनास हे लागले. 1960 साली सुब्रह्मण्य अय्यर वारले. मुलाचा नोबेल सन्मान पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

बापाचे चुकले की मुलाचे, हा आक्षेप नोंदविण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्या घरातून मुलगे विलायतेस जातात त्या प्रत्येक घरात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. एवढे मात्र खरे, की पित्याचा संगीताचा वारसा घरातच राहिला. कन्या विद्या शंकर या नामांकित वीणावादिनी झाल्या आणि शामा शास्त्र्यांच्या रचना स्वरलिपीसह सिद्ध करून त्यांनी वडिलांचेच काम पुढे नेले. मुलाकडून ज्या गोष्टींची अपेक्षा धरली त्या घडल्या नाहीत; जे सहज म्हणून घरात ठेवले ते मुलीने उचलले.

आमच्या घरांतून आजही कर्ते पुरुष पेन्शनीची वाट पाहत छंद लांबणीवर टाकतात, आणि पेन्शन आली तो बोटे ताठरलेली असतात. सुब्रह्मण्य अय्यरांनी तसे केले नाही. त्यांनी हाती धरलेले वाद्य मुलांच्या कानी पडत राहिले. मुलांसाठी काय साठवून ठेवावे याचा विचार करताना वडीलधाऱ्यांनी बँकेच्या पुस्तकाबरोबर भिंतीवरच्या तंबोऱ्याकडेही एकदा पाहावे. त्याच्या तारा जुळलेल्या असतील, तर त्या घराची शिल्लक बरी आहे असे समजण्यास हरकत नाही.