नाव सांगितल्यानंतर

गेल्या रविवारी लेकाला घेऊन ईदच्या खरेदीसाठी ठाण्याला गेले होते. दुकानातल्या मुलीशी दहा मिनिटं मराठीत बोलणं चाललं होतं. कापड, माप, रंग. बिलासाठी तिनं नाव विचारलं. मी सांगितलं आणि ती एकदम हिंदीवर आली, "आपको थैली चाहिए क्या?" मी म्हटलं, "हो, द्या." त्यावर ती कौतुकानं म्हणाली, "तुमचं मराठी किती छान आहे हो!"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी हसले. कॉलेजात मी मराठीच शिकवते, हे सांगायचं राहून गेलं. बाहेर पडल्यावर लेकानं विचारलं, "अम्मी, आधीची दहा मिनिटं तिला ऐकू आली नव्हती का?"

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, आपल्याच जिल्ह्यात मीरा रोडला एका गृहस्थानं किराणा पोहोचवायला आलेला मुलगा मुसलमान आहे म्हणून सामान घ्यायला नकार दिला होता. काशिमिरा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्या मुलानं सामान मात्र जीव धोक्यात घालून आणलं होतं.

हेच लेकाला सांगत परतत होते. भिवंडीत शिरता शिरता मगरिबची अजान झाली. खजूर खाऊन रोजा सोडला आणि वंजारपट्टी नाक्याजवळ एका हॉटेलात बसलो. गर्दी, गडबड, घशाला कोरड. मी हाक मारली, "ए नेपाळी, पानी ला!"

मुलानं पाणी ठेवलं. हळूच म्हणाला, "मॅडम, मैं मणिपूर से हूँ."

लेक माझ्याकडे बघत होता. बोलला काहीच नाही.

रोजा पोटाचा तसा जिभेचाही असतो, हे मीच त्याला शिकवलेलं. सूरह हुजुरातमध्ये कुणाची थट्टा करू नका, कुणाला नावं ठेवू नका असं बजावलं आहे. माणसांच्या कौमा आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून केले, असंही तिथंच आहे.

ओळखीची किंमत भिवंडीला वेगळी सांगायला नको. १९८४ च्या दंगलीत हे गाव होरपळलं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांबरोबर एकत्र बसू लागले, एकमेकांना नावानिशी ओळखू लागले. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

निघताना त्या मुलाची माफी मागितली, नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं आणि हसून म्हणाला, "चलता है मॅडम."

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. दुपारी दुकानात मी तसंच हसले होते.