रक्तातला जुना पाहुणा

‘ते त्याच्या रक्तातच आहे,’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्य आपल्याच माणसांविरुद्ध वापरले गेले, म्हणून आम्हाला त्याचा जरा रागच आहे. कोणत्याही जातीचे रक्त निर्भेळ नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. आता विज्ञान त्याहून पुढची गोष्ट सांगते. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग तर माणसाचाही नाही, तो प्राचीन विषाणूंचा आहे!

रेट्रोव्हायरस गटातले विषाणू आपला मजकूर पेशीच्या डीएनएत चिकटवतात. तो बीजपेशीत शिरला, तर पुढे आईबापांकडून लेकरांकडे जातो. मग त्याच गटाचा नवा विषाणू आला की काय होते?

घरातली मनीमाऊच पाहा. मांजरांना रक्ताचा कर्करोग करणारा विषाणू विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली ग्लासगोत शोधला. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. (माणसाला त्याची लागण होत नाही, घाबरू नये.) याच विषाणूच्या जुन्या भावंडांचे तुकडे पाळीव मांजराच्या डीएनएत जन्मापासून असतात. एरवी ते गप्प असतात. पण बाहेरचा विषाणू शिरला की कधी तो या तुकड्यांतून आवरणाचा भाग उचलतो आणि ‘बी’ उपप्रकार तयार होतो. कर्करोगाच्या गाठींशी त्याचा जवळचा संबंध आहे. म्हणजे घरभेदीच म्हणायचा. कधी मात्र नेमके उलटे घडते. जपानी संशोधकांना २०१३ साली अशाच एका तुकड्यापासून बनणारे ‘रेफ्रेक्स-१’ हे प्रथिन सापडले. ते ‘डी’ उपप्रकाराला पेशीत शिरू देत नाही.

फ्लोरिडातल्या पँथरच्या डीएनएत हे तुकडे नाहीत. (पँथर म्हटले की आपले कान टवकारतात, पण हा खराखुरा प्राणी, प्यूमा.) २००२ ते २००४ दरम्यान पाळीव मांजरांकडून आलेल्या या विषाणूची लागण झालेले पाच पँथर दगावले. आधीच ते मोजके उरलेले. शेवटी जंगलात त्यांना पकडून लस टोचावी लागली.

माणसातही असा राखणदार आहे. ‘सप्रेसिन’ हे प्रथिन जुन्या विषाणूच्याच जनुकापासून बनते आणि आईच्या वारेत आढळते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने मांजराच्या ‘आरडी-११४’ विषाणूचे आवरण असलेल्या कणांना मानवी पेशींच्या दारातच अडवले.