मेंदूचा अभिघात

डोक्यावर बसणारा बाह्य आघात, डोक्याला अकस्मात मिळणारी गती वा त्या गतीला अकस्मात होणारा रोध, अथवा कवटी भेदून आत शिरणारी वस्तू यांमुळे मेंदूच्या रचनेत किंवा कार्यात उत्पन्न होणाऱ्या बिघाडास ‘मेंदूचा अभिघात’ म्हणतात. रस्त्यांवरील अपघात, उंचावरून पडणे, मारहाण, खेळातील इजा व युद्धातील जखमा ही त्याची प्रमुख कारणे होत. कवटीचा अस्थिभंग आणि मेंदूची इजा या दोन भिन्न गोष्टी आहेत. कवटीला तडा जाऊनही मेंदू सुरक्षित राहू शकतो, तर कवटी अभंग असतानाही मेंदूस प्राणघातक इजा झालेली आढळते. आघाताच्या क्षणी झालेली हानी पूर्ववत करण्याचा उपाय अद्याप उपलब्ध नाही. परंतु त्यानंतरच्या काही तासांत व दिवसांत होणारी हानी बऱ्याच अंशी टाळता येते, हा या विषयातील संशोधनाचा मुख्य निष्कर्ष आहे. आधुनिक उपचारांची सर्व मांडणी त्यावरच आधारलेली आहे.

इजेची यंत्रणा : प्रौढ व्यक्तीचा मेंदू सु. १·४ किग्रॅ. वजनाचा व अतिशय मऊ असतो. तो तीन आवरणांनी वेढलेला असून मस्तिष्क-मेरुद्रवात जणू तरंगत असतो [→ मेंदू]. डोके एकदम थांबले की, कवटी थांबते. परंतु आतील मेंदू काही क्षण पुढे सरकत राहतो आणि कवटीच्या खडबडीत तळावर घासला जातो. त्यामुळे आघाताच्या जागी, तसेच पुष्कळदा तिच्या विरुद्ध बाजूसही इजा होते. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री घोडेस्वारांच्या द्वंद्वक्रीडेत भाल्याची शकले चेहऱ्यात घुसून जखमी झाला व अकराव्या दिवशी मरण पावला. त्याच्या उपचारांसाठी आंब्र्वाझ पारे व आंड्रेअस व्हेसेलियस हे त्या काळचे दोन श्रेष्ठ वैद्य उपस्थित होते. शवविच्छेदनात कवटी फुटलेली आढळली नाही. मात्र आघाताच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे डोक्याच्या मागील भागात, आवरणांखाली रक्त साचलेले दिसले.

सरळ रेषेतील गतीपेक्षा डोक्याला बसणारा पीळ अधिक घातक असतो, हे ऑक्सफर्ड येथील भौतिकीविज्ञ हॉलबोर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनाच्या प्रतिकृतींच्या साहाय्याने दाखविले. पिळामुळे मेंदूचे निरनिराळे थर एकमेकांवरून सरकतात आणि तंत्रिका कोशिकांचे लांब अक्षतंतू ताणले जाऊन तुटतात. सबीना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये तीव्र अभिघातानंतर दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांच्या मेंदूतील पांढऱ्या द्रव्याचा असा सर्वदूर ऱ्हास वर्णन केला. मोठा रक्तस्राव नसतानाही काही रुग्ण प्रथमपासून गाढ बेशुद्धीत का असतात, याचा उलगडा त्यामुळे झाला.

प्राथमिक व दुय्यम इजा : आघाताच्या क्षणीच होणारी पेशीजालाची फाटाफूट ही प्राथमिक इजा होय. तिच्या पाठोपाठ मेंदूस सूज येणे, रक्त साचणे, रक्तपुरवठा व ऑक्सिजन कमी पडणे, झटके येणे या घटनांमुळे होणाऱ्या हानीस दुय्यम इजा म्हणतात. मेंदूचे वजन शरीराच्या सु. २ टक्केच असले, तरी शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनापैकी सु. २० टक्के ऑक्सिजन त्याला लागतो; त्यामुळे थोड्या मिनिटांचा तुटवडाही त्याला सोसत नाही.

दुय्यम इजेचे मर्म कवटीच्या बंदिस्तपणात आहे. अलेक्झांडर मन्‌रो (१७८३) व जॉर्ज केली (१८२४) या स्कॉटिश वैद्यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार कवटीतील एकूण घनफळ स्थिर असते. त्यातील मेंदू, रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव या तीन घटकांपैकी एक वाढला की, इतरांना जागा सोडावी लागते. प्रारंभी मेरुद्रव व नीलांमधील रक्त बाहेर सरकते आणि दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की, थोड्या वाढीनेही दाब झपाट्याने चढतो, मेंदूस रक्त पोहोचेनासे होते आणि अखेरीस मेंदूचा भाग खाली ढकलला जाऊन श्वसन व रक्ताभिसरण यांचे नियंत्रण करणारा मस्तिष्क स्तंभ दाबला जातो. एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशास प्रतिसाद देईनाशी होणे, नाडी मंदावणे व रक्तदाब चढणे ही या अवस्थेची धोक्याची लक्षणे होत.

रक्त साचून झालेल्या गोळ्यास रक्तगुल्म म्हणतात. कवटी व दृढतानिका (सर्वांत बाहेरचे आवरण) यांच्यामधील रक्तगुल्म बहुधा कानशिलाजवळील अस्थिभंगाने रोहिणी फाटल्यामुळे होतो. अशा रुग्णांपैकी काही जण आघातानंतर शुद्धीवर येतात, बोलतात आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध पडतात. या मधल्या काळात रुग्णास घरी नेले जाण्याचा संभव असल्याने तो विशेष फसवा ठरतो. दृढतानिकेखालील रक्तगुल्मात बहुधा नीला फाटलेल्या असून मेंदूलाही इजा झालेली असते. त्यामुळे तो अधिक गंभीर असतो. वृद्धांमध्ये किरकोळ धक्क्यानंतर काही आठवड्यांनी अशा रक्तगुल्माची लक्षणे दिसू शकतात. आघातानंतर बोलू शकणारे, परंतु पुढे दगावलेले रुग्ण ग्लासगो येथे अभ्यासण्यात आले (१९७५). त्यांपैकी बहुतेकांच्या कवटीत रक्तगुल्म आढळला. ज्याला बोलता येत होते, त्याची प्राथमिक इजा मृत्यू ओढवण्याइतकी नव्हती, असा या अभ्यासाचा अर्थ आहे.

इतिहास : कवटीस छिद्र पाडण्याची क्रिया नवाश्मयुगापासून ज्ञात आहे. काश्मीरमधील बुर्झाहोम येथील उत्खननात अशी छिद्रे असलेली कवटी मिळाली आहे. इ. स. पू. सु. १६०० मधील एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन ग्रंथातील ४८ रुग्णवर्णनांपैकी २७ डोक्याच्या जखमांची आहेत. त्यांत उपचार करावा, झुंज द्यावी आणि उपचार करू नये अशी रुग्णांची त्रिविध विभागणी केलेली आहे.

आधुनिक तंत्रिका शस्त्रक्रियेचा पाया अमेरिकन शल्यविशारद हार्व्ही कुशिंग यांनी घातला. पहिल्या महायुद्धात जखमेची काटेकोर सफाई, मेंदूत रुतलेली हाडांची शकले काढणे व आवरणे नीट मिटविणे या पद्धतीने त्यांनी काही महिन्यांत मेंदूच्या भेदक जखमांतील मृत्यूंचे प्रमाण सु. ५४ टक्क्यांवरून सु. २९ टक्क्यांवर आणले. त्यांचे शिष्य ह्यू केर्न्झ यांनी १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्स यांच्यावर उपचार केले होते. पुढे त्यांनी लष्करी मोटरसायकलस्वारांच्या इजांचा अभ्यास करून शिरस्त्राणाचे महत्त्व १९४१ मध्ये प्रतिपादन केले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले.

मूल्यमापन व निदान : ‘गुंगीत’, ‘अर्धवट बेशुद्ध’ असे शब्द प्रत्येक वैद्य निराळ्या अर्थाने वापरीत असल्याने रुग्णाची प्रकृती सुधारते आहे की ढासळते आहे, हे कळणे अवघड होते. ग्लासगो येथील ग्रेअम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये त्यावर सोपा उपाय सुचविला. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल करणे या तीन प्रतिसादांना स्वतंत्र गुण द्यायचे, अशी ही ग्लासगो कोमा श्रेणी आहे. सध्याच्या रूपात त्यांचे कमाल गुण अनुक्रमे ४, ५ व ६ असून एकूण गुण ३ ते १५ या दरम्यान येतात. १३ ते १५ गुण सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा कमी गुण तीव्र अभिघात दर्शवितात. कोणतेही उपकरण न लागणारी ही श्रेणी ग्रामीण दवाखान्यातील परिचारिकेसही वापरता येते. एकाच वेळच्या गुणांपेक्षा पुनःपुन्हा केलेल्या तपासणीत घटणारे गुण अधिक महत्त्वाचे असतात.

साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते. मेंदू दिसत नाही. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या, सीटी स्कॅन या नावाने परिचित असलेल्या संगणकीय छेदचित्रणाचा रुग्णावर पहिला प्रयोग १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्लीज रुग्णालयात झाला. या शोधासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तगुल्माचे स्थान व आकार काही मिनिटांत कळू लागल्याने केवळ अदमासाने कवटीस छिद्रे पाडून शोध घेण्याची गरज उरली नाही.

उपचार : पहिला उपचार अपघातस्थळीच सुरू होतो. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, ऑक्सिजन देणे, रक्तस्राव थांबविणे व मान स्थिर ठेवणे यांना अग्रक्रम असतो. अमेरिकेत तीव्र अभिघाताच्या ७१७ रुग्णांच्या अभ्यासात (१९९३) रक्तदाब एकदा जरी पाऱ्याच्या ९० मिमी. खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण सु. दुप्पट होते असे आढळले. दृढतानिकेखालील तीव्र रक्तगुल्माच्या ८२ रुग्णांच्या अभ्यासात (१९८१) चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के, तर त्याहून उशीर झालेल्यांपैकी ९० टक्के रुग्ण दगावले. पुढील अभ्यासांत हा फरक नेहमीच इतका तीव्र दिसला नाही. तथापि मेंदूवर दाब आणणारा रक्तगुल्म विनाविलंब काढावा, याविषयी दुमत नाही.

अतिदक्षता विभागात कवटीतील दाब मोजून तो आटोक्यात ठेवतात. मस्तिष्क विवरात नळी घालून दाबाची सतत नोंद करण्याची पद्धत स्वीडनचे निल्स लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये प्रस्थापित केली. डोक्याकडील बाजू उंच ठेवणे, गुंगीची औषधे, कृत्रिम श्वसन, मॅनिटॉल वा तीव्र लवणद्रव शिरेतून देणे आणि मेरुद्रव काढून घेणे हे उपाय पायरीपायरीने योजतात. ते अपुरे पडल्यास कवटीचा मोठा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूस जागा करून देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी मृत्यूचे प्रमाण २६·९ टक्के, तर केवळ औषधोपचारानंतर ४८·९ टक्के होते. मात्र वाचलेल्यांत पूर्णतः परावलंबी किंवा जाणीवशून्य अवस्थेत राहिलेल्यांची संख्याही वाढली. म्हणून असा निर्णय घेण्यापूर्वी नातेवाइकांना दोन्ही शक्यतांची स्पष्ट कल्पना देणे आवश्यक ठरते.

औषधांच्या संशोधनाने सावधगिरीचा धडा दिला आहे. सूज कमी होईल या समजुतीने स्टेरॉइड औषधे अनेक वर्षे दिली जात होती. १०,००८ रुग्णांच्या चाचणीत (२००४) दोन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण ही औषधे घेणाऱ्यांत २१·१ टक्के, तर न घेणाऱ्यांत १७·९ टक्के आढळले आणि ही प्रथा त्याज्य ठरली. प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक वाटलेले प्रोजेस्टेरॉनही २०१४ मधील दोन मोठ्या चाचण्यांत निष्प्रभ ठरले. रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक अम्ल तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य व मध्यम इजेच्या रुग्णांत डोक्याच्या इजेमुळे होणारे मृत्यू कमी होतात, असे २०१९ च्या चाचणीत दिसले.

परिणाम व पुनर्वसन : वाचलेल्या रुग्णांत अर्धांगाचा लुळेपणा, वाचादोष, अपस्मार, विस्मरण व एकाग्रतेचा अभाव आढळतो. स्वभावातील बदल बाहेरून दिसत नाहीत. परंतु कुटुंबास तेच अधिक जाचक होतात. अमेरिकेतील फिनिअस गेज या रेल्वेकामगाराच्या डोक्यातून १८४८ मध्ये लोखंडी पहार आरपार गेली. तो १८६० पर्यंत जगला. पण त्याचा स्वभाव पालटल्याची नोंद त्याचे वैद्य जॉन हार्लो यांनी केली आहे. भौतिक चिकित्सा, वाचोपचार व मानसोपचार लवकर सुरू केल्यास लाभ होतो आणि सुधारणा महिनोनमहिने चालू राहू शकते. वारंवार बसणारे सौम्य हादरेही निरुपद्रवी नसतात. मुष्टियोद्ध्यांमधील मेंदूच्या ऱ्हासाचे वर्णन हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच केले होते.

भारतातील स्थिती व प्रतिबंध : भारतात तंत्रिका शस्त्रक्रियेचा पहिला विभाग जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे सुरू केला. पुढील वर्षी बी. राममूर्ती यांनी मद्रास येथे काम आरंभिले. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तज्ञ व साधने मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेली असल्याने ग्रामीण रुग्णाचा बहुमोल वेळ प्रवासात जातो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात इजेनंतरच्या पहिल्या तासाची ‘सुवर्णतास’ म्हणून व्याख्या करण्यात आली व अपघातग्रस्तास सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कायदेशीर संरक्षण देण्यात आले.

शासकीय आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक होते. मृतांपैकी ५०,०२९ जणांनी शिरस्त्राण घातलेले नव्हते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणानुसार (२००८) शिरस्त्राणामुळे मोटरसायकलस्वारांतील डोक्याच्या इजेचा धोका सु. ६९ टक्क्यांनी व मृत्यूचा धोका सु. ४२ टक्क्यांनी कमी होतो. तथापि शिरस्त्राण हनुवटीखाली पट्ट्याने घट्ट बांधलेले नसल्यास ते आघातापूर्वीच निसटते. डोक्यास मार लागल्यानंतर वाढती डोकेदुखी, वारंवार ओकारी, गुंगी, झटका, हातापायांतील दुर्बलता किंवा नाकाकानांतून रक्त वा पाणी येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, व्यक्ती बोलत असली तरी, तिला त्वरित छेदचित्रणाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. प्राथमिक इजा टाळणे हे शिरस्त्राण, सुरक्षित रस्ते व कायदा यांचे कार्य आहे. दुय्यम इजा टाळणे हे मात्र शल्यविशारदाच्या आधी रुग्णाजवळ असलेल्या माणसापासूनच सुरू होते.