द्विदृष्टि : एकाचे दोन दिसणें

आकाशांत चंद्र एकच असतो; परंतु ज्याच्या दृष्टींत दोष आहे त्यास तो दोन दिसतो, हा दृष्टान्त भारतीय तत्त्वचर्चेंत फार जुना आहे. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीं, एका वस्तूवर दुसरीचा भास कसा होतो हें सांगतांना, शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्याच्या जोडीला या दुसऱ्या चंद्राचा दाखला दिला आहे. तत्त्वज्ञाचा जो दृष्टान्त तो वैद्याच्या लेखीं विकार होय. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांतहि नेत्ररोगांच्या वर्णनांत एकाच वस्तूचीं दोन, तीन किंवा अनेक रूपें दिसण्याचा उल्लेख आहे. पाश्चात्त्य वैद्यकांत या अवस्थेला ‘डिप्लोपिया’ म्हणतात. ‘दुहेरी’ आणि ‘दृष्टि’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून हें नांव झालें असून मराठींत त्यास ‘द्विदृष्टि’ म्हणतां येईल.

हें रोगाचें नांव नव्हे, लक्षणाचें नांव आहे. नुसता ‘ताप’ म्हटल्यानें तो हिंवताप कीं विषमज्वर हें कळत नाहीं, तसेंच येथें आहे. शिवाय अंधुक दिसणें निराळें आणि दोन दिसणें निराळें. अक्षरांच्या कडा पुसट होणें किंवा दिव्याभोंवतीं वलय दिसणें ही द्विदृष्टि नव्हे. एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसल्या, तरच हा शब्द योग्य ठरतो.

खरें पाहतां, दोन डोळे असतां एरव्हीं एकच कसें दिसतें, हेंच नवल आहे. दोन्ही बाहुल्यांमध्यें सुमारें ६ सेंटिमीटर अंतर असल्यामुळें प्रत्येक डोळ्याचें चित्र किंचित् वेगळें असतें. मेंदू हीं दोन चित्रें एकजीव करतो आणि त्यांच्यांतील फरकावरूनच खोलीचा बोध करून घेतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं आपल्या ‘स्टीरिओस्कोप’ यंत्रानें हें दाखवून दिलें. हें ऐक्य साधण्यास दोन्ही डोळे एकाच बिंदूकडे वळलेले असावे लागतात. प्रत्येक डोळा वळविणारे सहा स्नायू आहेत आणि त्यांवर तीन मज्जातंतूंची सत्ता चालते. त्यांपैकीं एक जरी ढिला पडला, तरी डोळ्यांची जोडी फुटते.

निरोगी मनुष्यासहि हा अनुभव घेतां येतो. डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर बोट धरून दूरच्या भिंतीकडे नजर लावावी. बोटें दोन दिसूं लागतील. तें स्वाभाविक आहे. एरव्हीं मेंदू अशा प्रतिमांकडे दुर्लक्ष करतो, म्हणून त्या जाणवत नाहींत.

मात्र जिच्याकडे नजर लावली तीच वस्तु दोन दिसूं लागली, तर प्रथम एक सोपी परीक्षा करावी. एक डोळा झांकावा, मग तो उघडून दुसरा झांकावा. कोणताहि एक डोळा झांकतांच दुसरी प्रतिमा नाहींशी झाली, तर दोष दोन डोळ्यांच्या मेळांत आहे. एकच डोळा उघडा असूनहि दोन दिसत राहिलें, तर दोष बहुधा त्या डोळ्यांतच असतो. मोतीबिंदु किंवा बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा वांकडेपणा हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. हा दुसरा प्रकार त्रासदायक असला तरी सहसा तांतडीचा नसतो.

पहिल्या प्रकाराची गोष्ट गंभीर आहे. दूर पाहतांना प्रतिमा शेजारीं शेजारीं दिसणें, जिना उतरतांना पायरीवर पायरी चढलेली भासणें, सकाळीं ठीक असून सायंकाळीं थकव्याबरोबर दोन दिसूं लागणें, या तपशिलांवरून वैद्य दोषाची जागा शोधतो. मधुमेहानें दुखावलेला डोळ्याचा मज्जातंतु पुष्कळदां कांहीं महिन्यांत आपोआप सुधारतो. परंतु द्विदृष्टीबरोबर तीव्र डोकेदुखी असून एक पापणी खालीं पडली व बाहुली मोठी झाली, तर मेंदूच्या तळाशीं रक्तवाहिनीला फुगवटा आल्याचा संशय घ्यावा लागतो. तोंड वांकडें होणें, बोलणें अडखळणें किंवा तोल जाणें ही जोड असेल, तर तें पक्षाघाताचें चिन्ह असूं शकतें. अशा वेळीं चष्मेवाल्याकडे न जातां तत्काळ रुग्णालय गांठावें.

लहान मुलांचें मात्र उलट आहे. तिरळ्या डोळ्याचें मूल दोन दिसल्याची तक्रार सहसा करीत नाहीं. कारण त्याचा कोंवळा मेंदू एका डोळ्याचें चित्र दडपून टाकतो. हळूहळू त्या डोळ्याची दृष्टीच मंद राहते. म्हणून ‘मोठेपणीं आपोआप सुधारेल’ असें म्हणून वाट पाहणें घातक होय. प्रौढाची द्विदृष्टि निदान हांक मारून सांवध करते; मुलाचा दोष मुकाट्यानें नुकसान करतो. त्याच्या बाबतींत तक्रारीची वाट न पाहतां घरच्या माणसांनींच डोळ्यांकडे लक्ष द्यावयास हवें.