जीवशास्त्रीय संज्ञा आणि अर्थाची ओढ

शास्त्रीय संज्ञा ही केवळ खूण होय, तिच्या व्युत्पत्तीशी विद्यार्थ्याला कर्तव्य नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. परकी संज्ञेच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. ‘क्रोमोसोम’ या शब्दाचे ग्रीक घटक ‘रंग’ आणि ‘देह’ या अर्थांचे आहेत, हे ठाऊक नसल्याने कोणाचे काही अडत नाही. परंतु मराठी संज्ञा ज्या संस्कृत घटकांनी बनते, ते वाचकाच्या कानांना परिचित असतात. ते स्वस्थ बसत नाहीत. उच्च माध्यमिक वर्गांतील जीवशास्त्राची उजळणी करताना विद्यार्थी पुष्कळदा वस्तुस्थितीऐवजी शब्दाचा अर्थच उत्तरात उतरवितो, याचे कारण हेच.

‘प्रभावी’ व ‘अप्रभावी’ ही जोडी पाहावी. मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याच्या गोल व सुरकुतलेल्या बियांचा संकर वर्णिला आहे. पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निपजल्या. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे सुमारे तीनास एक. ‘प्रभावी’ हा शब्द ऐकताच एक जनुक दुसऱ्यावर अधिकार गाजवीत आहे, असे चित्र मनात उभे राहते. वस्तुतः तसे काहीच घडत नाही. हे जनुक पिष्टाच्या रेणूंना शाखा फोडणाऱ्या एका विकराचे आहे, असे १९९० साली स्पष्ट झाले. सुरकुतलेल्या रूपात त्या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा शिरलेला असतो व कामाचे विकर तयार होत नाही. मग बीमध्ये पिष्ट कमी व साखर अधिक राहते, साखरेमुळे पाणी अधिक ओढले जाते आणि वाळताना बी आक्रसते. संकरित बीमध्ये एकच धड प्रत असते. पण तिच्याने होणारे विकर बी गोल राखण्यास पुरते. दडपणारा कोणी नाही व दडपलेलाही कोणी नाही.

याहून बोधक गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. संकरित बीतील पिष्टकण दोन्ही जातींच्या दरम्यानचे असतात. डोळ्यांना जे रूप प्रभावी, तेच भिंगाखाली मध्यम! तेव्हा प्रभावीपणा हा जनुकाचा अंगभूत गुण नव्हे. निवडलेल्या लक्षणापुरता तो दोन रूपांमधील संबंध होय. ‘प्रभावी’ म्हणजे समाजात अधिक आढळणारे, हा समजही शब्दानेच रुजविलेला आहे. हंटिंग्टनचा रोग प्रभावी रूपामुळे होतो, तरी तो विरळाच आहे.

मज्जातंतूंची कथा निराळी. मज्जा हा आयुर्वेदाच्या सप्तधातूंपैकी एक, अस्थींच्या पोकळीतील. त्याचा या तंतूंशी संबंध नाही. पाठ्यपुस्तकांतील ‘चेता’ व विश्वकोशातील ‘तंत्रिका’ यांनी ही अडचण दूर केली, हे बरे झाले. ‘तंतू’ मात्र बोलण्यात राहिला आणि तंतू म्हटले की सलग दोरा आलाच. प्रत्यक्षात चेतापेशी सुट्या असतात व बहुतेक संधिस्थानी मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते. विद्युत्-आवेग ती ओलांडीत नाही. ओलांडते ते रसायन. ऑटो लोवी याने १९२१ साली बेडकाच्या हृदयाला जाणारी व्हेगस चेता उत्तेजित करून त्याचे ठोके मंदावले आणि त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावले. हा संदेश वाहणारे द्रव्य अ‍ॅसिटिलकोलीन होते. चेतासंस्था व संप्रेरके ही दोन अगदी वेगळी प्रकरणे, ही पुस्तकी विभागणी त्यामुळे थोडी सैल होते: नॉरअ‍ॅड्रेनलिन संधिस्थानी स्रवते आणि रक्तातही मिसळते.

‘समस्थिती’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही, ‘स्थिती’ या पदाकडे लक्ष वेधले म्हणजे पुरे. रक्तशर्करा जेवणानंतर चढते, इन्शुलिन ती उतरविते. उपवासात ग्लुकागॉन यकृतातील साठा मोकळा करते. हा सतत चाललेला व्यवहार आहे. तापाचेही तसेच. ताप म्हणजे नियंत्रण सुटणे नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या नियामक केंद्राने आपली पातळीच वर सरकविलेली असते. अंग तापलेले असतानाही रोग्याला हुडहुडी भरते, ती त्या नव्या पातळीच्या मानाने ते अद्याप थंडच असते म्हणून.