क्यूची टिप बसविणे

बिल्यर्ड्‌झ, स्नूकर व पूल या खेळांतील क्यूच्या (काठीच्या) अग्रावरील झिजलेली चामड्याची चकती काढून नवी लावण्याची क्रिया. चामड्याची टिप एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये फ्रांस्वा मँगो यांनी प्रचारात आणली. तीमुळे चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. पूलच्या टिपेचा व्यास सुमारे १३ मिमी. असतो.

लेथशिवाय हे काम करताना अग्रावरील कड्याचा माथा सपाट व काठीच्या अक्षाला काटकोनात ठेवणे हीच मुख्य अडचण होय. नुसत्या हाताने घासल्यास त्याच्या कडा गोलावतात, टिप सर्वत्र चिकटत नाही व निखळते. म्हणून जुनी टिप पात्याने काढल्यावर सरळ भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यातून काठी काचकागदावर टेकवून फिरवितात. नव्या टिपेचा तळ खरबरीत करून ती सायनोॲक्रिलेट आसंजकाने दाबून बसवितात. ते पूर्ण वाळल्यावर काठी फळीवर उलटी धरून बाहेर आलेले चामडे छाटतात व माथ्याला घुमटाकार देतात.