दहा हजार पिक्सेल आणि तारांचं कोडं

१९९८ च्या जानेवारीत हवाई बेटावरच्या मौना केआ पर्वतावरून खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाचा एक चिमुकला तुकडा न्याहाळला. हबल दुर्बिणीने तिथे हजारो दीर्घिका टिपल्या होत्या. जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीला मात्र पाचच ठिपके दिसले, आणि त्यांतला सर्वांत ठळक ठिपका हबलच्या छायाचित्रात काही केल्या सापडेना. त्याचं अंतर नक्की व्हायला २०१२ साल उजाडलं. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम ११० कोटी वर्षं होतं!

ही दीर्घिका लपली होती धुळीआड. धूळ ताऱ्यांचा प्रकाश गिळते, किंचित तापते आणि ती ऊब अदृश्य लहरींमधून बाहेर टाकते. आपल्यापर्यंत पोचताना त्या मिलिमीटरपेक्षा थोड्याच आखूड असतात. हवेतलं बाष्प त्या शोषून घेतं, म्हणून दुर्बीण ४,००० मीटरहून उंच, कोरड्या ठिकाणी नेली.

खरी अडचण कॅमेऱ्याची होती. तेव्हाच्या ‘स्कूबा’ कॅमेऱ्यात पिक्सेल होते अवघे १२८, प्रत्येकाच्या तारा स्वतंत्र. पिक्सेल हजारोंनी वाढवले तर तारांवाटे बाहेरची उष्णता आत शिरणार, आणि आतलं तापमान तर निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक दशांश अंश वर ठेवायचं. तेवढा गारठा नसेल, तर क्षीण संकेत उपकरणाच्याच उष्णतेत हरवतो.

२०११ मध्ये निरीक्षणं सुरू करणाऱ्या ‘स्कूबा-२’ने हे कोडं सोडवलं. त्याचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे मॉलिब्डेनम आणि तांब्याचा पातळ जोडथर. तो अतिवाहक होण्याच्या, म्हणजे विद्युतरोध पार नाहीसा होण्याच्या, ऐन उंबरठ्यावर रोखून धरतात. तिथे आलेल्या लहरींनी तापमान कणभर चढलं, तरी विद्युतरोध झपकन वाढतो. त्यामुळे प्रवाहात होणारा बदल टिपतो पिक्सेलखालीच बसवलेला ‘स्क्विड’ नावाचा संवेदक, हाही अतिवाहकच. मग वर्गात हजेरी घ्यावी तशा पिक्सेलच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात आणि एकाच तारेवर अनेकांचं काम भागतं. त्यामुळेच १०,००० हून अधिक पिक्सेल मावले आणि आकाशाचा नकाशा काढण्याचा वेग शंभरपटींनी वाढला. एडिंबरा, कार्डिफ आणि अमेरिकेतल्या बोल्डरच्या तंत्रज्ञांची ही कामगिरी थक्क करणारी आहे.

दुसरी वाट २००३ मध्ये कॅलिफोर्नियातून निघाली. तिच्यात पिक्सेल म्हणजे अतिवाहक पातळ थरातून कोरलेलं अनुनादी मंडल, प्रत्येकाची वारंवारता निराळी. प्रकाश पडला की ती सरकते, त्यामुळे शेकडो पिक्सेल एकाच केबलवर वेगवेगळे ओळखता येतात. स्पेनमधल्या ३० मीटर दुर्बिणीवरच्या ‘निका-२’ कॅमेऱ्याचे सुमारे २,९०० पिक्सेल अशा फक्त २० वाहिन्यांवर चालतात. लहरी मात्र थोड्या लांब, एक-दोन मिलिमीटरच्या.

इथली डोकेदुखी वेगळी आहे. थराच्या जाडीत सूक्ष्म फरक पडला की शेजारच्या वारंवारता एकमेकींवर चढतात आणि ते पिक्सेल वाया जातात. त्यावर बोल्डरच्या प्रयोगशाळेत उपाय निघाला: चिप तयार झाल्यावर एकेका पिक्सेलवर एलईडीचा प्रकाश पाडून त्याची वारंवारता हुडकायची, आणि मग प्रत्येकाच्या धारित्राची टोकं गरजेपुरती छाटायची.